विषय क्रमांक चार

शनिवारी दुपारी पार्किंगमधल्या रामफळाला
दोन नारळांएवढा घोस लटकला, जिवंत.
कोणी पेस्ट कंट्रोलला फोन लावला,
कोणी आधी आपली स्कूटर हलवली.
मी बोलावलं मेहेरुन्निसा अत्तारला.
टेलिफोन खात्यात आमची टेबलं शेजारी होती,
रिटायर झाल्यापासून ती वानवडीहून येऊन
पुणंभर मोहोळं उतरवते.

तिनं वर पाहिलं. पेटी उघडलीच नाही.
"सातेरी आहेत. राहायला नाही आल्या,
सभेला बसल्यात. उद्यापर्यंत थांब."

सभा आमचीही उद्याच होती.
सहकारनगर, इमारत सत्त्याहत्तरची, बिऱ्हाडं चोवीस,
विषय क्रमांक चार: लिफ्ट.
अकरा वर्षं माझ्याच अक्षरात इतिवृत्त सांगतं,
साधकबाधक चर्चा झाली,
विषय पुढील सभेत घ्यावा.

आम्ही मीटरच्या कट्ट्यावर बसलो.
ती बघ, तळजाईकडून आलेली,
बाकीच्यांच्या पाठीवरच नाचतेय.
पोट थरथरवत सरळ जाते, वळते, पुन्हा तीच रेघ.
रेघ लांब तर जागा लांब,
रेघेचा कल म्हणजे सूर्यापासूनची दिशा,
आणि जागा चांगली तर फेऱ्या जास्त.
झालं भाषण.

"आणि ऐकणारी?"
"ऐकणारी मान नाही डोलवत. उडते.
स्वतः ढोलीत शिरते, भिंतींवर चालून मापं घेते,
दार केवढं, कोरडं आहे का, मुंग्या किती.
पटलं तर येऊन नाचते."
"राणी?"
"असेल आत कुठंतरी. तिला विचारत नाहीत."

उन्हं उतरेपर्यंत पाच जागांच्या दोन उरल्या.
एक नाचत होती, तिला दुसरी येऊन
डोक्यानं ढुशी देत होती: पुरे.
मी म्हटलं, हे आमच्याकडेही आहे.
मेहेरुन्निसा हसली नाही.
"आता ही बघ. हिला कोणी अडवलं नाही.
दुपारपासून नाचली, दर खेपेला थोडी कमी,
आता गप्प. जागा तिचीच होती, वाईटही नव्हती.
सांगून झालं की त्या सोडून देतात.
नाहीतर फांदीवरच मेल्या असत्या."

रात्री झोप नाही.
सकाळी चहाच्या आधी तिसरा मजला चढले.
शकुताई खासनीस दिवाळीपासून खाली आल्या नव्हत्या.
अकरा वर्षं दर सभेत मी त्यांचं नाव घेत होते,
त्यांच्या घरात आज शिरले.
म्हणाल्या, "हवी गं लिफ्ट.
पण नकाशात ती रुईकरांच्या स्वयंपाकघराला चिकटलीय.
त्यांच्या ओट्यावर एकाच खिडकीचा उजेड येतो.
बघितलंस का कधी?"

नव्हतं बघितलं.
रुईकर तळमजल्याचे, सभेत फक्त एवढंच म्हणत,
"आम्ही पैसे का भरायचे?"
मी बेल वाजवली. त्यांनी दार अर्धंच उघडलं,
मग माझ्या चेहऱ्याकडे बघून पूर्ण.
ओट्यावर उन्हाचा एक चौकोन होता.
त्यात त्यांची बायको तांदूळ निवडत होती,
डोळे ताटलीच्या अगदी जवळ नेऊन.
कोणीच काही बोललं नाही.

सभा दहाला. विषय एक, दोन, तीन.
चारला बाहेर गुंजन चढलं,
घोस आतून तापत गेला, मग सुटला,
क्षणभर पार्किंगवर एक सैल, सोनेरी गोंधळ,
आणि सगळ्या एकाच बाजूला, तळजाईकडे.
चोवीस बिऱ्हाडं माना वर करून उभी.

रुईकरांची मान सगळ्यांत शेवटी खाली आली.
ते मला नाही, शकुताईंच्या मुलाला म्हणाले,
"मागं टाकीपाशी जागा किती आहे रे?"
त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही.
कोणीतरी टेप आणायला घरात धावलं.

मी एकटीच खुर्चीत, पेनाचं टोपण उघडं.
साधकबाधक, एवढं लिहिलं,
खोडलं.
विषय क्रमांक चार:
सभासद जागा बघायला गेले.